किट कार बांधण्याआधी बांधणीचा वर्ग करावा का?

प्रश्न (ट्रॉयकर):
नमस्कार. मी मिशिगनमध्ये ट्रॉय येथे राहतो आणि गेली चौदा वर्षे मोटारींचे भाग संगणकावर रेखाटतो, परंतु हातात पाना क्वचितच आला आहे. येत्या हिवाळ्यात घरच्या गॅरेजमध्ये फॅक्टरी फाइव्ह या कंपनीच्या सुट्या भागांच्या किटमधून मार्क ४ रोडस्टर, म्हणजे कॅरोल शेल्बी यांनी १९६२ साली आणलेल्या कोब्रा या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती, बांधण्याचा बेत आहे. फ्लिंटच्या मॉट कम्युनिटी कॉलेजमधील तीन दिवसांच्या बांधणी वर्गाविषयी वाचले. किटसोबत येणारी पुस्तिका वाचून काम भागत असेल, तर अशा वर्गावर खर्च करावा का? आणि करायचाच झाला, तर किट मागवण्याआधी की नंतर?

उत्तर (जुना गॅरेजवाला):
मी तो वर्ग काही वर्षांपूर्वी केला. तीन दिवसांत अनेक जण मिळून एकच गाडी उभी करतात, त्यामुळे प्रत्येक काम आपल्याच हातून होईल अशी अपेक्षा ठेवू नये. काही वेळ तुम्ही फक्त दिवा धरून उभे असता. तरीही माझे मत वर्गाच्या बाजूने आहे, कारण कोणता भाग कोणाच्या आधी बसवायचा आणि कोणता पत्रा मुद्दाम शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, हे पुस्तिकेत असले तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ध्यानात राहत नाही.

ब्रेकच्या नळ्यांचेच पाहा. जोड घट्ट बसावा म्हणून नळीचे तोंड शंकूसारखे पसरवतात, पण त्याआधी तिच्यावर नट चढवावा लागतो. हे आपल्यासारख्या अभियंत्याला सांगणे म्हणजे अपमानच, पण घरी आल्यावर मी सुबक तोंड केलेल्या दोन नळ्या नट न चढवल्यामुळे कापून टाकल्या. शिवाय साध्या मोटारींच्या जोडणीला ४५ अंशांचे दुहेरी (कडा आत दुमडलेले) तोंड लागते, तर रेसिंगच्या एएन (आर्मी-नेव्ही) प्रकारच्या जोडणीला ३७ अंशांचे. नजरेला दोन्ही सारखीच भासतात, पण एकाच्या जागी दुसरे बसवले की गळती ठरलेली. वर्गात अशी नळी हातात घेऊन पाहता येते, आणि माझ्या दृष्टीने फी तिथेच वसूल झाली.

उत्तर (वायरमन):
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. वर्गाचा उत्साह ओसरल्यावर पुढचे कित्येक महिने माणूस गॅरेजमध्ये एकटाच असतो. जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये संध्याकाळी मोटारींच्या विजेचा अभ्यासक्रम मिळत असेल, तर तो आधी करावा. वेल्डिंग शिकण्याची मात्र घाई नको, कारण गाडीची चौकट (चॅसी) कारखान्यातूनच वेल्ड होऊन येते.

विजेचे एवढे का म्हणतो, तर या गाडीची बॉडी वीज न वाहणाऱ्या फायबरची असल्याने नेहमीच्या गाडीप्रमाणे दिव्याची अर्थिंग जवळच्या पत्र्याला देता येत नाही. अर्थिंगची प्रत्येक तार चौकटीपर्यंत परत आणावी लागते. त्यातच चौकटीवर पावडर कोटिंग, म्हणजे भाजून पक्का केलेला रंगाचा थर, असते आणि ते खरवडून लोखंड उघडे केल्याशिवाय जोड पक्का होत नाही. माझा मागचा उजवा दिवा इंडिकेटर लावला की मंद व्हायचा. दोन रविवार मी फ्यूज बदलत बसलो. दोष निघाला एका वॉशरखालच्या रंगात.

उत्तर (पुण्याहून):
हे वाचून इथे भारतात कोणी किट मागवण्याचा विचार करत असेल, तर आधी नोंदणीचे पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार वाहनाचा नमुना एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो, आणि घरी बांधलेल्या एका गाडीसाठी ते सोपे नाही. शिकण्यासाठी वर्ग करायला अर्थातच हरकत नाही.

प्रश्न (ट्रॉयकर):
सर्वांचे आभार. संध्याकाळच्या अभ्यासक्रमाची चौकशी करतो. मात्र आधी की नंतर, हे राहिलेच.

उत्तर (जुना गॅरेजवाला):
आधी. वर्गातल्या गाडीत एकदा बसून पाहा, तेही रोजच्या बुटांसह. इंजिनामुळे पायांची जागा अरुंद असते. माझा बूट ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोन्हींवर एकदमच पडायचा. किट येऊन पडले होते, म्हणून पेडल वाकवून घेण्यात माझा एक आठवडा गेला. बॉडी चढवण्याआधी नुसत्या चौकटीवर गाडी अंगणात हळू चालवून पाहण्याची पद्धत आहे; ती टाळू नका, कारण पेडल, गळती आणि तारा यांतले दोष तेव्हाच सहज हाती लागतात.