मदत हवी आहे: जर्मनीतल्या कोलोनहून बेल्जियममधल्या व्लाड्स्लोला जाऊन आलंय का कुणी?

मंडळी, उन्हाळ्यात बहिणीकडे कोलोनला जायचं ठरतंय. जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलवित्झचं काम मनसोक्त बघायचंय. तिथलं तिचं संग्रहालय यादीत आहेच. प्रश्न आहे तो 'शोकमग्न आई-वडील' या शिल्पाचा.

तिचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममध्ये लढताना गेला, जेमतेम अठरा वर्षांचा. सैन्यात जायला वडिलांची संमती लागत होती. कार्ल तयार नव्हते, केटेनेच त्यांना राजी केलं. पुढे युद्धाच्या विरोधात ती ठाम उभी राहिली, 1924 चं 'पुन्हा युद्ध नको' हे पोस्टर तिचंच. पण पीटरच्या आठवणीतलं हे शिल्प पुरं व्हायला 1932 उजाडलं. दोन वेगळे दगड, दोघंही गुडघ्यावर. वडील ताठ, हात स्वतःभोवती घट्ट आवळलेले. आई पुढे वाकलेली. एकमेकांना स्पर्शसुद्धा नाही. मला तर तिच्या सगळ्या कामात हेच सरस वाटतं (फोटोतच पाहिलंय म्हणा!).

मूळ शिल्प व्लाड्स्लोच्या जर्मन युद्ध दफनभूमीत आहे, पीटरही तिथेच. कोलोनच्या सेंट आल्बान चर्चच्या अवशेषांत त्याची प्रतिकृती आहे.

तर, प्रतिकृती बघून भागेल, की मूळ जागीच जावं? व्लाड्स्लोजवळच्या डिक्समुडे स्टेशनवरून पुढे बस मिळते का, की टॅक्सीच करावी लागते? सोबत सत्तरीची आई आहे, फार चालणं जमणार नाही. आणि केटेवर मराठीत काही चांगलं वाचलं असेल तर तेही सुचवा, आईला वाचायला देईन.