बांबूचा ऑर्गन बॉनला नेला ते बरोबर केलं का?

रानवारा: फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ लास पिन्यासच्या चर्चमध्ये बांबूचा पाइप ऑर्गन आहे. दिएगो सेरा या स्पॅनिश पाद्र्याने १८१६ ते १८२४ या काळात बांधला. एकूण १०३१ नळ्या, त्यातल्या ९०२ बांबूच्या. कीड लागू नये म्हणून बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते! भूकंप-वादळांनी पार खिळखिळा झाला, तेव्हा १९७३ साली सुटा करून जर्मनीत, बॉनच्या क्लाइस कारखान्यात दुरुस्तीला नेला. १९७५ ला परत आला. माझ्या मते झालं ते उत्तम. मुका ऑर्गन जपून काय करायचंय?

खवचट: बांधणारा स्पॅनिश, दुरुस्ती जर्मन, मग तिथल्या लोकांचं काय, नुसता बांबू? आणि उकलून, भाग बदलून परत आणलेला ऑर्गन सेराचा कसा? जसा होता तसा ठेवायचा होता. त्याने नेमकं काय केलं होतं ते निदान बघायला मिळालं असतं.

रानवारा: त्या दमट हवेत? वाळवीने बघितलं असतं.

पायपेटीवाला: संगीत नाटकातल्या ऑर्गनवर जाऊ नका. त्यात पितळी पट्ट्या असतात, इथे प्रत्येक सुराला वेगळी नळी. नळीच्या तोंडाची फट जराशी कमीजास्त झाली की आवाजाचा पोत बदलतो, त्यामुळे खवचटांची भीती अगदीच खोटी नाही. पण शुद्धतेचा आग्रह खुद्द सेरालाही नव्हता. १८२१ मध्ये ऑर्गन वाजू लागला होता, फक्त तुतारीसारखा आवाज देणाऱ्या नळ्या बाकी होत्या. तो आवाज बांबूतून निघेना, म्हणून गड्याने सरळ धातूच्या नळ्या लावल्या.

हिशेबनीस: एवढ्या खर्चात इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आला असता. प्रार्थनेला काय फरक पडतो?

रानवारा: प्रार्थनेला नसेल पडत. पण १९७६ पासून तिथे दरवर्षी आंतरराष्ट्रीय बांबू ऑर्गन महोत्सव भरतो, तो इलेक्ट्रॉनिक पेटीसाठी भरला असता का? आणि खवचटराव, आज लास पिन्यासमध्येच सेराच्या नावाने ऑर्गन बांधणारा कारखाना आहे. कारागीर तिथलेच. म्हणजे नुसता बांबू नाही.

खवचट: कारखान्याचं मान्य, ते मला खरंच आवडलं. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो ना? बॉनचे कारागीर तिकडे बोलवायचे, चार पोरं हाताखाली द्यायची. ऑर्गन कशाला हलवायचा?