अनुभव धागा: सर्व्हरचा रिमोट अ‍ॅक्सेस देताना आणि मागताना

रात्रपाळी
टीममधल्या नव्या मुलीने आज स्क्रीनचा फोटो पाठवला. 'या युजरला रिमोट लॉगिनची परवानगी नाही, म्हणून कनेक्शन नाकारलं' अशा अर्थाचा मेसेज. तो बघितला आणि जुन्या नोकरीतली एक दुपार आठवली.

हेल्पडेस्कच्या मुलाला एका सर्व्हरवर आरडीपी (विंडोजची स्क्रीन दुरून वापरायची सोय) हवं होतं. तिकीट रीतसर, मॅनेजरचं अप्रूव्हल होतं. त्याचं डोमेन अकाउंट 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' ग्रुपमध्ये टाकलं, तरी तोच मेसेज. फायरवॉल बघितली, आरडीपीचं ३३८९ पोर्ट उघडं. तरी काही केल्या आत जाईना. कारण तो सर्व्हर होता डोमेन कंट्रोलर (डीसी), म्हणजे कंपनीची सगळी अकाउंट आणि पासवर्ड सांभाळणारा. साध्या मेंबर सर्व्हरवर त्या ग्रुपला रिमोट लॉगिनचा हक्क आधीपासून दिलेला असतो. डीसीवर मात्र तो फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना. ग्रुपमध्ये नाव असणं वेगळं आणि लॉगिनचा हक्क असणं वेगळं.

मॅनेजर मागेच उभे. "टाका ना त्याला अ‍ॅडमिनमध्ये, मिनिटभराचं काम." आमचे सीनिअर सर खुर्ची ओढून बसले आणि थेट त्या मुलालाच विचारलं, "तुला आत जाऊन करायचंय काय?" तो म्हणाला, "लोकांचे पासवर्ड रिसेट करायचेत." एवढंच! सरांनी त्या डिपार्टमेंटच्या ओयूवर (डोमेनमधल्या अकाउंटच्या गटावर) पासवर्ड रिसेटचे राइट्स त्याला डेलिगेट केले आणि त्याच्याच पीसीवर अ‍ॅडमिनची टूल्स टाकून दिली. डीसीवर जायची गरजच उरली नाही.

तेव्हापासून कुणी अ‍ॅक्सेस मागितला की मी आधी काम काय आहे ते विचारते. डीसीवरचा अ‍ॅडमिन म्हणजे अख्ख्या डोमेनचा मालक, ते असं घाईत वाटायचं नसतं. तुमचे अनुभव लिहा. विंडोज, लिनक्स, काहीही चालेल.

कळफलक
सकाळी ग्रुपमध्ये नाव टाकायचं, दुपारी गायब. परत टाकायचं, परत गायब. सगळे म्हणायला लागले, सर्व्हरला भुताने झपाटलंय. 😄 भूत निघालं ग्रुप पॉलिसीचं, म्हणजे डोमेनमधून सगळ्या मशीनवर आपोआप लागणाऱ्या सेटिंगचं. कुणीतरी वर्षांपूर्वी 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स' लावून ठेवले होते. पॉलिसी परत लागू झाली की लोकल ग्रुपची यादी पुसून स्वतःची लिहायची. हाताने टाकलेलं नाव टिकणार कसं?

सांजवेळ
@कळफलक अगदी अगदी! म्हणून आमच्याकडे आता सर्व्हरवर सुटं नाव टाकतच नाहीत. प्रत्येक सर्व्हरसाठी डोमेनमध्ये एक ग्रुप, तो पॉलिसीतून लोकल ग्रुपमध्ये. माणूस आला की ग्रुपमध्ये, गेला की बाहेर. कोण कुठे जाऊ शकतं ते एका जागी दिसतं.
बाळाला झोपवता झोपवता एका हाताने लिहितेय, चुका पोटात घाला.

रात्रपाळी
@सांजवेळ अगं झोप तू पण. धागा कुठे पळून जात नाही.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवाल्यांचं दुखणं वेगळं. 'अलाउ युजर्स' ही ओळ एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) कॉन्फिगमध्ये एकदा लिहिली, की यादीत नसलेले सगळे बाहेर, लिहिणाऱ्यासकट. आमच्याकडे नियमच आहे: एक सेशन उघडं ठेवायचं, कॉन्फिग तपासणीची कमांड चालवायची, मग सर्व्हिस रीस्टार्ट, मग दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघायचं. ते जमलं तरच पहिलं सेशन बंद. सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये असला की या नियमाची किंमत कळते.

आणि की (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) चालत नाही म्हणून ओरडणाऱ्या दहातल्या बहुतेकांचं कारण परमिशन असतं. होम फोल्डरमध्ये ग्रुपला लिहायची मुभा असली तरी एसएसएच ती की मुकाट्याने नाकारतं आणि पासवर्ड मागत बसतं. युजरला कारण कळतच नाही, सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र स्पष्ट लिहिलेलं असतं. फोल्डर ७००, की-फाइल ६०० (म्हणजे मालकाशिवाय कुणालाच मुभा नाही), बस.

जुनाजाणता
एसएसएचचा विषय निघालाच आहे तर. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. पोर्ट २२ का? एफटीपी २१, टेलनेट २३, मधला नंबर मोकळा होता. तो त्यांनी मागितला आणि मिळालाही. आम्ही टेलनेटच्या काळातले. पासवर्ड उघडा तारेवरून जायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

पेंग्विनप्रेमी
वा काका! २१ आणि २३ च्या मधलं, हे आधी कधी डोक्यात आलंच नव्हतं.

दुपारचंऊन
व्हेंडर! त्यांच्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? "आमच्या इंजिनिअरला घरून बघता यावं म्हणून ३३८९ इंटरनेटवर उघडा." साहेबांनी होकार दिलेला. मी लॉग काढून दाखवला. दुसऱ्या एका सर्व्हरवर ते असंच उघडं होतं आणि ४६२५ च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी पानंच्या पानं. 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट', 'बॅकअप' अशी नावं घालून कुणीतरी रात्रंदिवस दार ठोठावत होतं. २०१९ चं ब्लूकीप आठवतंय ना? पासवर्डशिवाय आरडीपीतून आत शिरता येईल असं भोक, इतकं गंभीर की मायक्रोसॉफ्टने कधीचाच सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला. शेवटी व्हेंडरला व्हीपीएन, एकच सर्व्हर, आणि अकाउंटला काम संपण्याची एक्स्पायरी तारीख. आधी कुरकुर केली, मग गुमान वापरायला लागले.

हिरवाकंदील
@दुपारचंऊन एक्स्पायरी तारखेला माझं पण मत. देताना सगळे हजर असतात, काढताना कुणाला आठवतही नाही. सोडून गेलेल्या माणसाचं नाव ग्रुपमध्ये दिसलं की मला अस्वस्थ व्हायला होतं.

कळफलक
अजून एक. परवानगी दिली, तरी युजर म्हणतो काही बदललं नाही. तो विंडोच्या फुलीवर क्लिक करून बाहेर पडतो, साइन आउट करत नाही. सेशन सर्व्हरवर जिवंत, परत आला की तेच जुनं सेशन, जुन्याच राइट्सचं. शिवाय रिमोट डेस्कटॉपचं वेगळं लायसन्स नसलेल्या सर्व्हरवर एका वेळी दोनच सेशन. दोघं असे अडवून बसले की तिसऱ्याला जागा नाही, आणि फोन आपल्याला!

सांजवेळ
झोपलं एकदाचं. 🙏
@रात्रपाळी ते सर आता कुठे असतात?

रात्रपाळी
निवृत्त झाले गं. अजून अधूनमधून फोन होतो. मान-खांद्याचं दुखणं फार आहे त्यांचं, मॉनिटर कायम खाली ठेवून बसायचे.

हिरवाकंदील
मानेसाठी मॉनिटरखाली चार जाड पुस्तकं, मी तेच केलंय. बराच फरक पडला.

नवखी_
मध्येच विचारते, रागावू नका. नवीन युजर बनवला, ग्रुपमध्ये टाकला, साधा मेंबर सर्व्हर आहे, डीसी नाही. समोर बसून लॉगिन होतं, आरडीपीने होत नाही. मेसेज पासवर्डबद्दल काहीतरी आहे.

दुपारचंऊन
युजर बनवताना 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला' वर टिक ठेवलीय का? नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असेल तर आत जायच्या आधीच ओळख तपासतात, तिथे पासवर्ड बदलायला स्क्रीनच येत नाही. आणि समोर बसून लॉगिन कुणी केलं, त्याच युजरने की तुमच्या अकाउंटने?

नवखी_
माझ्या अकाउंटने ताई. टिक पण आहे. त्याला आधी ऑफिसच्या पीसीवर लॉगिन करून पासवर्ड बदलायला सांगते.