गिफ्टच्या आधी त्यांची बॅग उघडून बघा

ताई, नवऱ्याला गुपचूप नवा कॅमेरा गिफ्ट द्यायचाय, त्यांच्याकडे कॅनन १२००डी कॅमेरा आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स आहे, पक्ष्यांच्या फोटोंचं वेड आहे, असं लिहिलंयत. वर कुणी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा सुचवलाय. पक्ष्यांसाठी मी तरी नाही घेणार. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे १२००डी सारख्या लहान सेन्सरवर, २५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४०० सारखी चालते, लांबचा पक्षी तेवढा जवळ दिसतो. तेवढी पोच फुल फ्रेमवर मिळवायची तर खिसा रिकामा होतो.

माझं मत कॅननच्याच आर१० ला, तोही क्रॉप सेन्सरचा. १२००डी सेकंदाला ३ फोटो काढतो, हा १५. शिवाय पक्ष्याचा डोळा स्वतःच पकडून ठेवतो. खंड्या पाण्यात सूर मारतो ना, तेव्हा फरक कळतो. त्यावर जुनी लेन्स थेट बसत नाही, म्हणून सोबत दोन्हींच्या मध्ये लावायचा ईएफ-ईओएस आर अ‍ॅडाप्टर घ्याच, म्हणजे जुनी लेन्स ऑटोफोकससकट चालेल. जुनी बॅटरी मात्र बसत नाही, एक जास्तीची घेऊन ठेवा.

आमच्या हिनेही मला असाच गुपचूप कॅमेरा आणला होता. छान चकचकीत कागदात गुंडाळलेला, पण अ‍ॅडाप्टर नाही! पंधरा दिवस लेन्सा कपाटात आणि मी कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने गॅलरीतली कबुतरं टिपत बसलो.

आणि हो, बिल भारतातल्या वॉरंटीचंच घ्या. ग्रे मार्केटच्या, म्हणजे अधिकृत विक्रेत्याबाहेरच्या मालाच्या नादी लागू नका.