लिहायलाच शिकायचंय, मग वर्गात कशाला बसायचं?

खोडरबर
कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बहुतेकांच्या माथी मारलेला एक कोर्स असतो, वाचन-लेखनाचा. लेख वाचा, लेखकाचा मुद्दा काय आहे ते सांगा, पटतो की नाही आणि का ते सांगा, मग स्वतःचा निबंध लिहा, त्याचे दोन-तीन ड्राफ्ट करा, संदर्भ नीट द्या वगैरे. हल्ली बऱ्याच ठिकाणी तो ऑनलाइन पण घेता येतो. माझ्या भाचीला दोन्ही पर्याय आहेत आणि घरात जो तो तिला सांगतोय की बाकी काय वाट्टेल ते ऑनलाइन घे पण हा वर्गातच कर.

माझं मत बरोबर उलटं आहे. लॅबचं काम ऑनलाइन कसं करणार हा प्रश्न मला समजतो, पण लेखनाचं? वर्गात तासाभरात चार जण बोलतात, तेच ते चार दर तासाला, बाकीचे माना डोलावतात. ऑनलाइनमध्ये चर्चा लेखी असते त्यामुळे मागच्या बाकावरच्यालाही लिहावंच लागतं, म्हणजे निबंध सोडून दर आठवड्याला वर आणखी लेखन होतं आणि ते कोणीतरी खरंच वाचणार असतं. शिक्षकाचा शेरा हवेत विरत नाही, लिहिलेला राहतो. हा कोर्स ऑनलाइनसाठीच जन्माला आलाय असं माझं मत. पटत नसेल तर या भांडायला.

उंटावरचा शहाणा
आलो.

"कोणीतरी खरंच वाचणार असतं" यावर हसू आलं. त्या लेखी चर्चा कशा चालतात माहितीये का? सोमवारी प्रश्न पडतो, गुरुवारी रात्री बाराच्या आत पोस्ट टाकायची, रविवारपर्यंत दोन जणांना रिप्लाय द्यायचा. आणि रिप्लाय काय असतो, तर 'तुझा मुद्दा मला खूप आवडला, मीही याच्याशी सहमत आहे, विशेषतः तू शेवटी जे म्हणालास ते'. म्हणजे शेवटचंच वाक्य वाचलंय. नुसत्या पाट्या टाकायच्या, याला लेखनाचा सराव म्हणत असाल तर कठीण आहे.

दुसरं, आकडे बघा. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांचा (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे कोर्स देणारी सरकारी कॉलेजं) मोठा अभ्यास केला होता, २०१३-१४ च्या सुमारास आला, ४०,००० वर विद्यार्थी आणि त्यांनी घेतलेले जवळपास ५ लाख कोर्स. ऑनलाइनमध्ये कोर्स पूर्ण करणारेही कमी आणि ग्रेडही कमी. आणि सगळ्यात जास्त फटका कोणाला, तर वयाने लहान मुलं, त्यातही मुलगे, कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि ज्यांचे आधीचे मार्क कमी होते ते. पहिल्या वर्षाच्या वर्गात कोण बसलेलं असतं? हीच पोरं ना?

रातकिडा
रात्रपाळी करून शिकलेला माणूस बोलतोय, जरा ऐका. माझ्यासारख्यांपुढे 'ऑनलाइन की वर्ग' असा चॉईस कधी नव्हताच, 'ऑनलाइन नाहीतर काहीच नाही' असा होता. सकाळी सुटल्यावर दोन तास झोपून वर्गात जाऊन बसलो असतो तर तिथं मी झोपलोच असतो, त्यापेक्षा दुपारी उठून डोकं ताजं असताना लेख वाचून दोन परिच्छेद लिहिलेले बरे की.

अभ्यास खोटा आहे असं म्हणत नाही मी. पण त्यातून 'ऑनलाइन वाईट' एवढंच काढायचं का? ज्यांना सवय नाही त्यांना आधार लागतो आणि तो दिला जात नाही, असंही काढता येतं. पाट्या टाकण्याचं म्हणाल तर वर्गात 'मलाही तसंच वाटतं सर' म्हणणारे कमी असतात का? तिथे ते लेखी राहत नाही म्हणून पकडले जात नाहीत इतकंच.

लाल पेन
हा कोर्स मी दोन्हीकडे शिकवलाय, वर्गात आणि ऑनलाइन, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचणार आहे.

खोडरबर, लेखी शेरा राहतो हे खरं, पण राहिलेला शेरा मुलं वाचतातच असं नाही. ग्रेड बघतात आणि खिडकी बंद. त्यात नुसता लेखी शेरा फार कोरडा लागतो. समासात 'हे कोण म्हणतं?' असं मी लिहिते, मला म्हणायचं असतं की या वाक्याला आधार दे, आणि पोरगं समजतं की बाई चिडल्या, आणि अख्खं वाक्यच उडवून टाकतं. चांगलं वाक्य असतं हो! वर्गात तेच मी हसून विचारते, ते म्हणतं 'अमक्या लेखात वाचलं', मी म्हणते 'मग ते लिही की', विषय संपला.

म्हणून ऑनलाइनमध्ये मी आता स्क्रीन रेकॉर्ड करते. त्यांचा ड्राफ्ट उघडायचा आणि मोठ्याने वाचत जायचं. एका मुलीचं एक वाक्य सात ओळींचं होतं, वाचता वाचता माझा श्वासच संपला, तसंच राहू दिलं रेकॉर्डिंगमध्ये. मग म्हटलं 'इथपर्यंत कळत होतं, इथं कर्ता कोण तेच हरवलं'. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्याची तीन वाक्यं झाली होती, आणि मी 'वाक्य तोड' असं म्हटलंच नव्हतं. हे लाल शाईने कधी जमलं नसतं, वर्गातही प्रत्येकासाठी जमत नाही.

पण याला वेळ लागतो आणि खरी बोंब तिथेच आहे. अमेरिकेत कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांची जी संघटना आहे तिने २०१३ मध्ये ऑनलाइन लेखन-कोर्ससाठी तत्त्वं काढली, त्यात स्पष्ट म्हटलंय की एका कोर्सला २० च्या वर विद्यार्थी नकोत, १५ असतील तर उत्तम. आणि व्यवस्थापनाला काय वाटतं, ऑनलाइन म्हणजे खुर्च्या लागत नाहीत, भरा हवी तेवढी. माझ्या एका जुन्या संस्थेत याच्या दुप्पट पोरं एका कोर्सला होती. तिथं मी पण पाट्याच टाकत होते, शहाणे, तुमच्या भाषेत.

उंटावरचा शहाणा
बाई, तुम्ही तर माझीच बाजू मांडताय. चांगला शिक्षक, कमी पोरं, भरपूर वेळ असेल तर ऑनलाइन चालतं. अहो इतकं सगळं असेल तर झाडाखाली पण चालेल! प्रश्न असा आहे की हे नसताना कुठलं कमी वाईट. वर्गात निदान समोर बसलेल्याच्या कपाळावरची आठी दिसते, कळतं की आपलं लिहिलेलं त्याच्या डोक्यावरून गेलं. ऑनलाइन शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि हे मी म्हणतोय, नाव बघा माझं.

टिंबटिंब
सगळे लेखनावरच तुटून पडलेत, वाचनाचं काय? कोर्स *वाचन*-लेखनाचा आहे ना.

२०१८ मध्ये एक मोठा आढावा आला होता, २००० ते २०१७ मधले ५४ अभ्यास एकत्र करून, एकूण १,७०,००० हून जास्त लोक. निष्कर्ष असा की तोच मजकूर कागदावर वाचला तर स्क्रीनपेक्षा जरा जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर फरक अजून वाढतो. गोष्टीरूप मजकुरात तसा फरक दिसला नाही, माहितीपर मजकुरात दिसला. आणि या कोर्सात काय वाचायला लावतात? गोष्टी थोड्याच. सगळे युक्तिवादाचे लेख. ते फोनवर वाचायचे, वर नोटिफिकेशन टुणटुणतंय, मग 'लेखकाचा मुख्य मुद्दा काय' याला पहिल्या परिच्छेदातलं वाक्य जसंच्या तसं चिकटवायचं.

खोडरबर
टिंबटिंब, मुद्दा बिनतोड आहे पण तो ऑनलाइन कोर्सवर कसा लागू होतो ते सांगा. वर्गात बसणाऱ्यांनाही लेख पीडीएफमध्येच मिळतात आणि तेही फोनवरच वाचतात, बसमध्ये, तासाच्या दहा मिनिटं आधी. दोघांनाही प्रिंट काढायला कोणी अडवलेलं नाही.

शहाणे, आठीचं म्हणाल तर लेखनात नंतर कधी तुम्हाला वाचकाची आठी दिसणार आहे? नोकरीत मेल पाठवलात, समोरच्याला कळला नाही, त्याचं कपाळ दुसऱ्या इमारतीत. न दिसणाऱ्या वाचकासाठी लिहिणं हेच तर शिकायचंय.

उंटावरचा शहाणा
हे बरं बोललात, हे मला आवडलं. पण न दिसणाऱ्या वाचकाचा अंदाज यायला आधी दिसणारे वाचक भरपूर बघावे लागतात.

आणि एआयचं कोणी नावच काढत नाहीये, मुद्दाम की काय? नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून ऑनलाइन निबंध कोणी लिहिला हे देवालाच ठाऊक. वर्गात समोर बसवून हाताने लिहून घेता येतं.

रातकिडा
वर्गवाले पण मोठे निबंध घरूनच लिहून आणतात हो. तासात हाताने लिहिलेला अर्धा तासाचा उतारा आणि तीन आठवड्यांचा, संदर्भ शोधून केलेला निबंध यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एआयच्या भीतीने सगळंच तासात लिहून घ्यायला लागलात तर पुनर्लेखन कधी शिकवणार?

टिंबटिंब
एआयने लिहिलंय का ते ओळखणारे डिटेक्टर असतात की त्याला.

लाल पेन
डिटेक्टरचं नाव नका काढू. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयनेच स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध मशीनने लिहिलेत असा निकाल आला. माणसांनी लिहिलेले होते. साधे शब्द, साधी वाक्यं वापरली म्हणून संशय! दुसऱ्या भाषेत धडपडत लिहिणाऱ्या मुलाला चोर ठरवणारं यंत्र मी वापरणार नाही.

मी काय करते, तर निबंध शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्येच लिहायला लावते, त्यात व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कधी काय लिहिलं आणि काय खोडलं ते, दिसते. अगदी फुलप्रूफ नाही, बघून टाइप करणारा करतोच. पण दुसऱ्या ड्राफ्टनंतर दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठेवते आणि एकच विचारते, पहिल्या ड्राफ्टमधलं काय काढलंस आणि का. स्वतः लिहिलेला भडाभडा बोलतो, त्याला त्या काढलेल्या परिच्छेदाची अजून हळहळ असते. दुसऱ्याला काही काढल्याचं आठवतच नाही.

नवखी
हाय, मला हाच कोर्स निवडायचाय म्हणून सगळं वाचलं. मुद्दे पटतायत दोन्हीकडचे पण कॉलेजच्या यादीत फक्त 'ऑनलाइन' एवढंच लिहिलेलं असतं, किती जण असणार, कॉल असतात की नाही, कोण शेरे देतं, काहीच नसतं. कसं ओळखायचं?

लाल पेन
शिक्षकाला मेल करून मागच्या सत्राचा सिलॅबस माग. मिळाला की त्यातलं वेळापत्रक आधी उघड. प्रत्येक निबंधाला एकच तारीख दिलेली असेल तर समज की ड्राफ्ट कोणी बघणार नाहीये. पहिल्या आणि शेवटच्या ड्राफ्टच्या मध्ये निदान दहा-बारा दिवस हवेत, नाहीतर शेरा येईपर्यंत दुसरी तारीख उलटलेली असते. आणि ठरलेल्या वेळेचे लाइव्ह तास आहेत का ते विचार, रातकिड्यासारखी पाळी असेल तर नसलेले बरे, नाहीतर असलेले बरे.

उंटावरचा शहाणा
आणि वर्गातला कोर्स घेणार असशील तरी हाच सिलॅबस माग. माझं मत अजून वर्गाकडेच आहे, पण एका तारखेचा निबंध तिथेही भरपूर चालतो.

खोडरबर
भाचीला धागा पाठवलाय. तिचा रिप्लाय आलाय, 'एवढं लांबलचक कोण वाचणार, थोडक्यात सांग ना मामा'. शहाणे, बोला आता, हिला कुठे बसवू?

उंटावरचा शहाणा
पहिल्या बाकावर.