४ जीबी रॅम, दिवसाला दीड जीबी नेट: दारव्ह्यात रस्टचा अभ्यासगट कसा बसवावा?

कीबोर्ड_दारव्हा
रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला आम्ही आठ जण आहोत. सर्वांना सी येते, थोडं पायथन. दर रविवारी एकत्र बसायचं, बाकी आठवडा टेलिग्राम. लॅपटॉप पाच: तीन विंडोज, दोन उबंटू. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दुपारी लाइन जाते. प्रत्येकानं वेगळं डाउनलोड केलं तर पॅक तिथंच संपते. एकदाच उतरवून सगळ्यांकडे कसं टाकावं? आणि पहिल्या महिन्यात शिकवावं काय?

वऱ्हाडी_लिंकर
रस्टअप, म्हणजे नेटवरून रस्ट उतरवून बसवणारं टूल, कायले चालवता भाऊ पाच ठिकाणी? रस्टच्या साइटवर स्टँडअलोन इंस्टॉलर मिळते: विंडोजले एमएसआय, लिनक्सले टार फाइल. एकदा उतरवा, पेनड्राइव्हनं फिरवा. विंडोजवर एमएसव्हीसीवालं घेऊ नका, त्याले मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्स लागते अन् ते काही जीबींचं काम आहे. जीएनयूवालं घ्या, त्यात लिंकर (कोडचे तुकडे जोडून चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल) सोबतच येते. सी कोड असलेला क्रेट (रस्टचं तयार पॅकेज) घेतला तरच जीसीसी हे सी कंपायलर वेगळं लागते. उबंटूवर उलटं: रस्ट बसते, पण पहिलाच प्रोग्राम ‘लिंकर सीसी सापडला नाही’ म्हणून अडकते. बिल्ड-इसेन्शियल (सी कंपायलर अन् लिंकरचं पॅकेज) आधी टाका.

आवृत्ती सगळ्यांची एकच ठेवा. १.७८ च्या आधीचं कार्गो (रस्टसोबत येणारं बिल्डचं टूल) नव्या लॉक फाइलची, म्हणजे क्रेटच्या आवृत्त्यांच्या यादीची, ४ नंबरची रचना वाचतच नाही, अन् पोरं कोडमधी चूक शोधत बसते.

क्रेट हवे असतील तर एका मशीनवर ‘कार्गो व्हेंडर’ (क्रेट प्रोजेक्टच्या फोल्डरात उतरवणारा आदेश) चालवा अन् पूर्ण प्रोजेक्ट कॉपी करा. शेवटी तो काही ओळी छापते. त्या डॉट-कार्गो फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलीत टाकायच्या राहिल्या, की कार्गो पुन्हा नेटकडे पाहते.

सेमीकोलन
४ जीबीवर रस्ट-ॲनालायझर (एडिटरमध्ये चुका दाखवणारं टूल) आणि ब्राउझर एकत्र उघडू नका, मशीन बसून जाईल. साधा एडिटर आणि टर्मिनलमध्ये ‘कार्गो चेक’. तो मशीन कोड बनवत नाही, म्हणून बिल्डपेक्षा लवकर उरकतो. बिल्ड करायचंच तर ‘-जे १’ (एका वेळी एकच काम) लावा. वेळ लागेल, पण रॅम पुरेल. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर टाकण्याआधी ‘कार्गो क्लीन’, नाहीतर बिल्डच्या फाइलींचं टार्गेट फोल्डरच सगळी जागा खाईल. एरर समजायला नेट नको: ‘रस्टसी --एक्सप्लेन ई०३८२’.

पहिले दोन रविवार फक्त मालकी, म्हणजे प्रत्येक मूल्याचा मालक एकच हा रस्टचा नियम. जिनिंगमध्ये कापूस उतरवला की तो तुमचा राहत नाही. स्ट्रिंग दुसऱ्या व्हेरिएबलला दिली की पहिलं नाव वापरता येत नाही, तोच ई०३८२. सी येणाऱ्यांना एकच मेमरी दोनदा फ्री केल्यावर काय होतं ते आठवायला सांगा, कारण लगेच पटेल. पूर्णांक मात्र कॉपी होतात. हे आधीच सांगा, नाहीतर गोंधळ उडतो. उसनं देणं (मालकी न सोडता मूल्य वापरायला देणं) समजवायला सातबारा: पाहायला दहा जण चालतील, फेरफार चालू असताना कोणीच नाही.

बाइट_बंडी
सातबारा जपून वापरा. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर सहा भावांची नावं असतात, रस्टमध्ये मालक एकच. सहा भावांसाठी आरसी (एका मूल्याचे अनेक मालक चालणारा प्रकार) आहे, पण ते दुसऱ्या महिन्यात.

तिसऱ्या रविवारी मराठी स्ट्रिंग घ्या, इंग्रजी नको. ‘कापूस’ची लेन (बाइटमधली लांबी) १५ येते, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ३ बाइटचं. कॅरेक्टर मोजले तर ५, कारण काना आणि उकार वेगळे धरले जातात. डोळ्यांना दिसतात ३ अक्षरं. ती मोजायला युनिकोड-सेगमेंटेशन क्रेट. ० ते १ असा तुकडा कापला तर प्रोग्राम पॅनिक होतो (चालता चालता बंद पडतो), ० ते ३ कापला तर ‘क’ मिळतो, काना मागेच राहतो.

कीबोर्ड_दारव्हा
उतरवतो. क्लोन (मूल्याची वेगळी प्रत) लावलं की ई०३८२ जाते म्हणे, तर पहिला महिना तसंच चालू द्यावं का?

सेमीकोलन
चालू द्या, पण प्रत्येक क्लोनसमोर कमेंट लिहायला लावा: मूळ मूल्य पुढे कुठं वापरलं? उत्तर नसेल तर क्लोन काढा. फंक्शन फक्त वाचत असेल तर संदर्भ द्या, म्हणजे मूल्य उसनं द्या, बहुतेक क्लोन तिथंच गळतील.