सतराव्या वर्षी घर सोडता येते का?

प्रश्न : माझी सतरा वर्षांची भाची लालबागला राहते. बारावी सोडून लग्न करावे, असा घरच्यांचा हट्ट असल्यामुळे ती मैत्रिणीबरोबर भाड्याने खोली घेऊ पाहते आहे. कायद्याने हे चालेल का? नाहीतर मी, तिची मावशी, तिला ठेवून घेऊ का?

उत्तर : ताई, चालणार नाही. 1875 च्या सज्ञानतेच्या कायद्यानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत ती अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे आणि तिने सही केलेला भाडेकरार रद्दबातल ठरतो. आईवडिलांच्या संमतीविना तिला परस्पर घरी नेलेत, तर तुमच्यावरही अपहरणाची तक्रार होऊ शकते.

दुसरे उत्तर : हे खरे असले, तरी मुलीचा खरा हक्क संरक्षणाचा आहे आणि तो कुणी तिच्यापासून लपवू नये. लग्नाचा धोका असलेले मूल 2015 च्या बाल न्याय कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेले मानले जाते. ती स्वतः बालकल्याण समितीसमोर (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) जाऊ शकते किंवा 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करू शकते, आणि समिती तिचे म्हणणे ऐकून तिला तात्पुरते योग्य नातेवाइकाच्या ताब्यात देऊ शकते. ती नातेवाईक तुम्ही असू शकता, मात्र समितीच्या आदेशाने. होऊ घातलेले लग्न थांबवण्यासाठी न्यायदंडाधिकारी 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली मनाई हुकूम देतात.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. कागदपत्रे कोणती न्यावीत?

दुसरे उत्तर देणारे : दहावीचे प्रमाणपत्र किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला. वयाच्या पुराव्यासाठी केवळ आधार कार्डावर विसंबू नका.